‘द केप’ कुणी पूर्ण पाहिली आहे का?

भिंगरी

गेल्या आठवड्यात तापाने पडून होते. डोक्याला आणखी ताप नको म्हणून काहीतरी हलकंफुलकं शोधत होते, तर ‘द केप’ हाती लागली. २०११ साली एनबीसीवर आलेली, दहा भागांत गुंडाळलेली सुपरहिरो मालिका. दोन दिवसांत सगळी संपवली. आता तिच्याबद्दल बोलायला आजूबाजूला कुणी नाही, म्हणून हा धागा. (स्पॉयलर आहेत. चौदा-पंधरा वर्षं जुन्या मालिकेचे स्पॉयलर असतात का हा वेगळा प्रश्न, पण सांगून ठेवलेलं बरं.)

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाम सिटी नावाचं काल्पनिक शहर. पोलीस खातं नासलेलं. व्हिन्स फॅरेडे हा त्यातला एक सरळ माणूस. पीटर फ्लेमिंग नावाच्या अब्जाधीशाला आपल्या ‘आर्क’ कंपनीमार्फत शहराचं पोलीस खातंच खिशात घालायचं आहे, आणि हाच फ्लेमिंग ‘चेस’ (म्हणजे बुद्धिबळ) नावाने खून पाडतोय. व्हिन्सला ते कळतं. फ्लेमिंग चेसचा मुखवटा त्याच्यावरच ढकलतो, सगळ्या शहरादेखत त्याचा पाठलाग होतो, स्फोट होतो आणि व्हिन्स मेला असं जाहीर होतं. खरं तर तो वाचलेला असतो. बँका लुटणाऱ्या एका सर्कशीच्या टोळीच्या तावडीत सापडतो. त्या टोळीचा म्होरक्या मॅक्स मलिनी त्याला कोळ्याच्या रेशमाचा झगा देतो आणि तो वापरायला शिकवतो. व्हिन्सच्या मुलाचा आवडता कॉमिकमधला नायक म्हणजे ‘द केप’. बाप तेच नाव घेतो.

अंगात शक्ती कुठलीच नाही. हातात एक कापड आणि थोडी हातचलाखी.

माझं मत असं, की या मालिकेत दोन मालिका होत्या. एक सर्कशीची आणि एक पोलिसाच्या घराची. पहिली मला भयंकर आवडली. दुसरी बघताना दर वेळी मोबाईल हातात घेतला. गंमत म्हणजे ज्यांनी ही बनवली त्यांना दुसरीच जास्त महत्त्वाची वाटत असावी.

कुणाला आठवते का? काय वाटलं होतं?

गारगोटी

आठवते. विसरायचा प्रयत्न केला होता.

माणूस गंभीर चेहरा करून चादर फटकारतो आणि समोरच्याच्या हातातली बंदूक उडून जाते. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा हसलो, तिसऱ्या भागात वैताग आला. जी गोष्ट मुळात हास्यास्पद आहे ती हास्यास्पद आहे हे मालिकेतल्या एका तरी माणसाला कळायला हवं ना?

पेंगुळलेला

मी मालिका पाहिलेली नाही, पण ‘सिक्स सीझन्स अँड अ मूव्ही’ हे इथूनच आलं ना?

भिंगरी

@पेंगुळलेला, हो, तीच. त्यावर येऊच, पण आधी मालिकेवर बोलू या. नाहीतर दर वेळी तेच होतं, केपचं नाव निघालं की गाडी ‘कम्युनिटी’ या एनबीसीच्याच विनोदी मालिकेवर घसरते.

@गारगोटी, कळतं की! रोलोला कळतं. मार्टिन क्लेबाने केलेला तो सर्कशीतला बुटका पठ्ठ्या. त्याला व्हिन्सचं सगळंच बावळट वाटतं आणि तो तसं तोंडावर बोलतो. अडचण ही की तो पडद्यावर असतो तेवढा वेळच हे भान असतं. पुढचं दृश्य घरातलं सुरू झालं की पुन्हा व्हायोलिन.

नाटकवेडा

+१ सर्कशीला.

कीथ डेव्हिडवर कुणी बोलत कसं नाही? मॅक्स मलिनीची भूमिका त्याने जशी केली आहे तशी त्या मालिकेत दुसरी एकही नाही. आवाज तर आहेच. ‘गार्गॉइल्स’ कार्टूनमधल्या गोलायथचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पण मला आवाजापेक्षा त्याचं उभं राहणं आवडलं. फसवेगिरी हाच आपला धर्म आहे असं मानणारा माणूस एका सरळमार्गी पोलिसाला फसवायला शिकवतो, त्या शिकवणीच्या दृश्यांत एक मस्त उलटसुलट खेळ आहे. पोलिसाला लाज वाटतेय आणि गुरूला मजा येतेय.

मॅक्सला हा शिष्य का हवाय तेही चांगलं बांधलं होतं. ‘कोझमो’ हा भाग आठवा. थॉमस क्रेचमन येतो, मॅक्सचा जुना शिष्य, सुटकेचे खेळ करणारा जादूगार, आणि झग्यावर हक्क सांगतो. त्या भागात पहिल्यांदा लक्षात येतं की झगा ही व्हिन्सची वस्तूच नाही. त्याच्या आधी तो दुसऱ्यांच्या खांद्यावर होता. परंपरा आहे, घराणं आहे, गुरूने एकदा चूक केलेली आहे. मालिका इथून पुढे त्या वाटेने गेली असती तर? पण पुढच्या आठवड्यात नवा खलनायक, पाटी कोरी.

रायाची भूमिका करणाऱ्या इझाबेला मिकोलाही आणखी काम द्यायला हवं होतं. झुल्यावरची बाई एवढीच ओळख ठेवली तिची.

सहज_सुचलं

खलनायकांची नावं बघा फक्त. स्केल्स, डाइस, टॅरो, लिच, रेझर. शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर काढलेली वाटतात.

मला आवडली, हे वेगळं.

शेवंती

भिंगरी, घराच्या बाजूबद्दल थोडं वेगळं मत मांडते.

मला व्हिन्सच्या बायकोचा, डेनाचा राग यायचा नाही, तिच्यासाठी वाईट वाटायचं. जेनिफर फेरिनने चांगलं काम केलंय. नवरा गेला, वर खुनी म्हणून त्याचं नाव बदनाम झालं, मुलगा शाळेत मार खातोय, आणि ही बाई पुन्हा वकिली सुरू करून उभी राहते. हे सगळं मालिकेत आहे. पण ते कशासाठी आहे? व्हिन्सने दुरून बघून उसासे टाकावेत म्हणून.

आणि मुख्य प्रश्न: बायकोला सांगायला काय हरकत होती? फ्लेमिंगला कळलं तर तो त्यांना मारेल, हे पहिल्या भागात पटतं. पण हाच माणूस मुलाला रात्री झगा घालून भेटायला जातो! म्हणजे मुलाला भेटण्यात धोका नाही, बायकोला सांगण्यात आहे. दहा वर्षांच्या पोराला आपला बाप समोर उभा असून आवाज ओळखू येत नाही, हेही आपण मान्य करायचं.

तरीही, खरं सांगते, बाप पहिल्यांदा मुलाला भेटायला येतो ते दृश्य बघून डोळ्यांत पाणी आलं. ते एक दृश्य इतकं जमलंय की पुढचे नऊ भाग त्याच्याच भांडवलावर चाललेत असं वाटतं.

गारगोटी

@शेवंती, पण बाप कॉमिकमधला नायक झाला की पोराचं भलं होतं का? पोराला शेवटी खरा बाप हवा असतो. मालिकेला वाटतं हा त्याग आहे. मला वाटतं पळवाट आहे. व्हिन्सला नवऱ्याची, बापाची, संसाराची रोजची कटकट नको, टाळ्या तेवढ्या हव्यात.

शेवंती

हे मस्त वाचन आहे. लेखकाच्या मनात होतं असं मात्र अजिबात वाटत नाही. :-)

दुर्बीण

इथे सगळे कथेचा दोष काढताहेत म्हणून थोडी पडद्यामागची बाजू.

९ जानेवारी २०११, रविवार, दोन तासांचा पहिला कार्यक्रम. मग सोमवारी रात्री नऊची जागा, आधी ‘चक’. समोर एबीसीवर ‘द बॅचलर’, सीबीएसवर ‘टू अँड अ हाफ मेन’. त्या वेळी एनबीसी चार मोठ्या वाहिन्यांत गाळात रुतलेली. ‘हीरोज’ चार सीझनची होऊन २०१० च्या मेमध्ये बंद पडलेली, म्हणजे सुपरहिरो म्हटलं की प्रेक्षक आणि साहेब दोघंही दुधाने तोंड पोळलेले. त्यात एबीसीवर त्याच हंगामात ‘नो ऑर्डिनरी फॅमिली’ चालू. तीही वीस भागांत आटोपली.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जानेवारी २०११ च्या शेवटी कॉमकास्टने एनबीसी-युनिव्हर्सलचा ताबा घेतला. मनोरंजन विभागाचा प्रमुख बदलला, जेफ गॅस्पिन गेले आणि बॉब ग्रीनब्लॅट आले. केप ही आधीच्या कारभाऱ्यांनी घेतलेली मालिका. नवा कारभारी आला की जुन्याच्या लेकरांना सावत्रपणाची वागणूक मिळते, हे त्या धंद्यात नेहमीचंच. प्रेक्षकसंख्या पहिल्या भागानंतर घसरत होतीच. त्याच सुमारास तेराचे दहा भाग केले गेले. शेवटचा भाग, ‘एंडगेम’, तर टीव्हीवर दाखवलाही नाही. मार्चमध्ये एनबीसीच्या संकेतस्थळावर टाकून हात झटकले.

तेरा भागांच्या हिशेबाने चढवत नेलेली गोष्ट दहाव्यावर कापली तर ती अर्धवट वाटणारच. हा दोष लेखकाच्या माथी मारू नका.

गारगोटी

दुर्बीण, माहितीबद्दल धन्यवाद, पण एक सांगा. प्रेक्षक जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच पळाले, तेव्हा कुठे कॉमकास्ट आणि कुठे काय! लोक साहेबांचं नाव बघून चॅनेल बदलत नाहीत. कंटाळा आला की बदलतात.

दुर्बीण

बरोबर. प्रेक्षक कशाने गेले ते मी सांगत नाहीये, मालिकेला सावरायला वेळ का मिळाला नाही ते सांगतोय. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

भिंगरी

सावरत होती, हे मात्र मला जाणवलं. ‘डाइस’ भाग बघा. मेना सुवारी, ट्रेसी नावाची मुलगी, समोर दिसणाऱ्या गोष्टींवरून शक्यतांचं गणित क्षणात मांडणारी. तिच्याशी चादरीने लढता येत नाही, कारण तू काय करणार ते तिला आधीच ठाऊक. म्हणजे पहिल्यांदा नायकाला डोकं लढवावं लागतं. मग ‘द लिच’ची दोन भागांची गोष्ट. तिथे व्हिन्सला मदत करणाऱ्या ऑरवेलला (समर ग्लाउ) काहीतरी करायला मिळतं आणि तिच्या भूतकाळाचं दार किलकिलं होतं. हे सगळं पाचव्या भागापासून पुढे. तोवर प्रेक्षागृह रिकामं.

मधलीसुट्टी

ऑरवेल! शेवटी कुणीतरी नाव काढलं.

समर ग्लाउचा पनवती म्हणून जो लौकिक आहे त्यात ही मालिका पहिल्या तिनात येईल. ‘फायरफ्लाय’ चौदा भाग, त्यातले अकराच तेव्हा दाखवले. टर्मिनेटरची ‘सारा कॉनर क्रॉनिकल्स’ एकतीस भाग. ‘डॉलहाउस’ दोन सीझन. मग केप. बिचारीचा दोष काही नाही; उलट तिच्या वाट्याला अशाच मालिका येतात ज्या बारा लोकांना प्राणापलीकडे आवडतात आणि तेराव्याला माहीत नसतात.

इथे तिला छुपी ब्लॉगर केलंय. गाडी, पैसा, संगणक, सगळं तिच्याकडे, आणि ती फ्लेमिंगची मुलगी निघते. नायकापेक्षा तिची गोष्ट जास्त चांगली आहे. बाप शहर गिळतोय आणि मुलगी टोपणनावाने त्याच्याविरुद्ध लिहितेय. मालिका हिचीच का नव्हती?

रच्याकने, पार्श्वसंगीत बेअर मॅकक्रिअरीचं आहे. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’वाला. बघताना वाटत होतंच की हे संगीत या चित्रांपेक्षा वरच्या यत्तेतलं आहे.

नाटकवेडा

ऑरवेल-फ्लेमिंग या बाप-लेकीला अनुमोदन. जेम्स फ्रेनने फ्लेमिंग आणि चेस अशी दुभंगलेली माणसं रंगवताना काय मजा केली आहे! बुबुळांत बुद्धिबळाच्या सोंगट्या असलेल्या त्या लेन्स घालूनही जो माणूस गंभीर दिसू शकतो त्याला मानलं पाहिजे.

आता जरा मुद्द्याचं. नाटकात एक गोष्ट शिकवतात: सगळ्यांनी एकाच नाटकात काम करायला हवं. इथे फ्रेन एका नाटकात आहे, कीथ डेव्हिड दुसऱ्या, व्हिनी जोन्स अंगावर खवले चिकटवून तिसऱ्याच, आणि डेव्हिड लायन्स बिचारा गंभीर पोलीसपटात. लायन्स वाईट नट नाही. पुढच्याच वर्षी ‘रेव्होल्यूशन’मध्ये मन्रो म्हणून तो किती वेगळा आणि बरा वाटला. पण इथे बाकीचे सगळे जत्रेत आलेत आणि हा एकटा दहाव्याच्या विधीला आल्यासारखा.

सहज_सुचलं

“दहाव्याच्या विधीला” =)) =))

गारगोटी

नाटकवेडा, हे शंभर टक्के. मी तीन प्रतिसाद लिहून जे सांगू शकलो नाही ते एका वाक्यात.

अवकाळी

उशिरा आलो. बहुतेक मतं पटली, पण एक तुलना कुणी केली नाही म्हणून लिहितो.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सीडब्ल्यूवर ‘अ‍ॅरो’ आली. नायक मेला असं सगळे समजतात. अंगात कुठलीही शक्ती नाही. एका विद्येवर सगळं अवलंबून. घरच्यांपासून लपवाछपवी. शहर भ्रष्ट, वर बसलेले श्रीमंत लोक ते पोखरताहेत. मदतीला संगणकवाली हुशार मुलगी. सांगाडा जवळजवळ तोच! आणि अ‍ॅरो चालली किती? आठ सीझन, १७० भाग, शिवाय तिच्या पोटी आख्खा कुटुंबकबिला, ‘द फ्लॅश’ वगैरे.

म्हणजे “चादर घेतलेला माणूस टीव्हीवर चालत नाही” हे खरं नाही. सांगाडा दोन वर्षांत शिळा झाला नव्हता. मग फरक काय? एक तर हिरव्या टोपडीच्या त्या गड्याला कॉमिकचा सत्तर वर्षांचा आधार होता, केपला स्वतःचं कॉमिक नव्हतंच. मालिकेतलं कॉमिक मालिकेसाठी रचलेलं. दुसरं, वाहिनी छोटी. सीडब्ल्यूला जेवढे प्रेक्षक पुरतात तेवढ्यांत एनबीसीचं पोट भरत नाही. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अ‍ॅरोने सुरुवातीला स्वतःला अंधारी, रागीट ठेवलं, माणसं मारणारा नायक दाखवला, आणि लोकांचा विश्वास बसल्यावर हळूहळू रंगीत वेडेपणा आत आणला. केपने पहिल्याच भागात सर्कस, रोलो, बुद्धिबळ, खवले आणि झगा, सगळं एका ताटात वाढलं.

अवांतर: व्हिनी जोन्स आणि समर ग्लाउ दोघंही पुढे अ‍ॅरोत दिसले. फ्रेन ‘गॉथम’मध्ये गेला. दोन्ही मालिका डीसी कॉमिक्सच्या, म्हणजे पाम सिटी बुडाल्यावर सगळ्यांनी डीसीकडे नोकऱ्या धरल्या म्हणायच्या.

भिंगरी

अवकाळी, अ‍ॅरोची तुलना डोक्यात आलीच नव्हती. पण तिसरा मुद्दा मला उलटा दिसतो. सगळं एका ताटात वाढलं हेच मला आवडलं. चूक ताट भरण्यात नाही, भरल्यावर लाज वाटण्यात आहे. सर्कस दाखवायची आणि लगेच “नाही नाही, आम्ही गंभीर आहोत” म्हणत घरात पळायचं. अ‍ॅरोला निदान कुठल्याही एका वेळी आपण कोण आहोत ते ठाऊक असायचं.

शेवंती

सहमत. लाज हा नेमका शब्द.

पेंगुळलेला

आता कम्युनिटीबद्दल बोलायला परवानगी आहे का? :-P

भिंगरी

बोला, बोला. थांबवून कोण थांबणार आहे.

पेंगुळलेला

कम्युनिटीच्या दुसऱ्या सीझनमधला भाग, एप्रिल २०११. जुने प्रसंग आठवण्याचा तो ठरीव प्रकार असतो ना, त्याचीच टर. आठवलेले सगळे प्रसंग नवेच. त्यात एक तुकडा असा की मालिकेतला आबेद झगा घालून कँटीनमध्ये अवतरतो, त्याचा मित्र जेफच्या हातातलं जेवण झग्याने उडवतो आणि पळतो. जेफ मागून ओरडतो की ती मालिका तीन आठवडे टिकेल. आबेद उलट ओरडतो, “सिक्स सीझन्स अँड अ मूव्ही!”

बस. काही सेकंदांचा विनोद. तो प्रक्षेपित होईपर्यंत केप संपलेलीसुद्धा होती. आणि टर उडवली ती त्याच वाहिनीवर!

त्याच वर्षाअखेरीस एनबीसीने कम्युनिटीलाच वेळापत्रकातून बाजूला काढलं तेव्हा चाहत्यांनी हेच वाक्य घोषणा म्हणून उचललं. पाच सीझन एनबीसीवर, मग नारळ, मग सहावा २०१५ मध्ये याहू स्क्रीनवर. २०२२ मध्ये पीकॉकने चित्रपटही जाहीर केला. आबेदने केपसाठी मागितलेलं नशीब कम्युनिटीला लागलं.

मधलीसुट्टी

आणि त्या सहाव्या सीझनमध्ये मुख्य कलाकारांत नवा कोण आला? कीथ डेव्हिड! एलरॉय म्हणून. मॅक्स मलिनीने स्वतः येऊन सहावा सीझन पुरा करून दिला.

नाटकवेडा

हे मला माहीत नव्हतं. अंगावर काटा आला आणि हसूही आलं.

गारगोटी

केपच्या निर्मात्यांनी कितीही जाहिरात केली असती तरी तिला हे नाव मिळालं नसतं. आज कुणी ‘नो ऑर्डिनरी फॅमिली’वर धागा काढतंय का? तिचे तर दुप्पट भाग होते.

दुर्बीण

@गारगोटी, मी काढू का? मायकेल चिक्लिस आहे त्यात.

गारगोटी

नको.

सहज_सुचलं

एक शंका. आबेद केपची टर उडवतोय की त्याला ती खरंच आवडतेय? मला कायम दुसरं वाटत आलंय. टर जेफ उडवतो. आबेद झगा घालून फिरतो.

भिंगरी

सहज_सुचलं, तुम्ही नेहमी एक ओळ टाकता आणि ती बरोबर लागते. मला वाटतं आबेदला ती मनापासून आवडत होती. त्याचं तेच तर आहे, त्याला लाज वाटत नाही. व्हिन्सला वाटते.

टपोरा_मोती

सगळं वाचून कालपासून बघायला लागलो. पहिला भाग झाला. सायमन वेस्टने दिग्दर्शित केलाय म्हणून अपेक्षा होती, धडामधुडुम झकास आहे. बापाने मुलाला भेटण्याचं दृश्यही झालं. शेवंतीताई, पाणी आलं.

आता ‘टॅरो’ लावतोय. पुढे कुठले भाग सोडले तर चालतील?

भिंगरी

काही सोडू नका. दहाच तर आहेत.

गारगोटी

‘स्केल्स’ सोडा.

शेवंती

‘स्केल्स’ सोडू नका हो, व्हिनी जोन्स आहे!

टपोरा_मोती

मतदान घ्यावं लागणार असं दिसतंय. तोवर ‘टॅरो’ संपवतो.